पाचवं कडवं

एखादं गाणं वहीत उतरवून घेताना त्याचं शेवटचं कडवं तुम्ही कधी गाळलंय का? जागा पुरली नाही म्हणून, हात दुखला म्हणून, किंवा त्यात कवीचं नावच तर आहे म्हणून? मी गाळलंय. आणि ते गाणं परक्या कुणाचं नव्हतं, माझ्या आत्याचं होतं.

आत्या जामखेड तालुक्यातली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता तिनं गाणी जुळवली आणि जयंतीला, विहारातल्या कार्यक्रमांना ती म्हणू लागली. त्यातलं खडीचं गाणं सगळ्यांत गाजलं. ‘आमी फोडली खडी, तुमची पळाली गाडी’ हे त्याचं ध्रुपद, आणि पुढं पाच कडवी. आमच्याकडं गाणं करणारा माणूस शेवटच्या कडव्यात स्वतःचं आणि गावाचं नाव गुंफतो. मग गाणं कुठंही जावो, ते कुणाचं हे कळतं. आत्यानंही गुंफलं. ती ज्या गायन पार्टीत म्हणायची, तिच्या बुवांना ते खटकलं. बाईचं नाव स्टेजवर कसं घ्यायचं, नवऱ्याचं घाल, नाहीतर पार्टीचं घाल, असं त्यांचं म्हणणं. आत्यानं ऐकलं नाही. दोन वर्षं ती पार्टीत गेली नाही. लोक खडीचं गाणं मागत राहिले, तेव्हा बुवांनाच तिच्या दारात यावं लागलं. त्यानंतर दर वेळी पाचव्या कडव्याला ती पदर सारखा करायची आणि आवाज चढवायची.

मी तिच्यावर लेख लिहायला निघाले, तेव्हा मात्र तिनं मला थांबवलं. नाव गाण्यात आहे, तेवढं बास, दुसरीकडं कुठं नको, म्हणाली. म्हणून इथंही मी ते लिहिलेलं नाही.

मी वाढले पत्रकांवर. वडील साखर कारखान्यात कामाला होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पिवळ्या-गुलाबी कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्या पत्रकांवर वडिलांचं नाव कधीच नसायचं. मला त्याचा केवढा अभिमान. शब्द सगळ्यांचे असतात, नाव मिरवणं हा वरच्यांचा शौक, असं मी कॉलेजात टेबलावर मूठ आपटून सांगायचे.

नव्वदचं दशक सरता सरता नगरमध्ये इंटरनेटची दुकानं निघाली. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा एक मित्र चळवळीच्या गाण्यांची वेबसाइट काढत होता. त्यानं माझ्याकडं गाणी मागितली. मी हरखून गेले. पत्रक वाटायला चौकात उभं राहावं लागतं, हे तर बसल्या जागी जगभर जाणार. तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटतील याचा भरवसा नसायचा, म्हणून टाइप केलेल्या गाण्याचं चित्र करून टाकायचं. डीटीपीच्या दुकानात बसून मी ते करून घेतलं. भोवती पिंपळपानांची नक्षी लावली. नक्षीमुळं चारच कडवी मावली. दुकानदार म्हणाला, नक्षी काढतो, पाचवं बसेल. पण मला ती पानं फार आवडली होती. शेवटी नुसतं नावच तर आहे, ते काढा, असं मी सांगितलं.

तुझं गाणं आता अमेरिकेतही दिसतं, असं मी आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, “तितं बी खडी फोडत्यात का बाया?” आणि खूप हसली.

वर्षभरानं कर्जतला महिलांचा मेळावा होता. दुपारची वेळ, मांडवात आत्या माझ्या शेजारी बसलेली. तिथल्या गायन पार्टीनं सुरुवातीलाच खडीचं गाणं धरलं. आत्या मांडीवर ठेका धरून ओठांत म्हणू लागली. चार कडवी झाली. तिनं पदर सारखा केला. पाचव्यात एका पुरुषाचं नाव आलं आणि कर्जतकडच्या एका गावाचं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही गायकाकडं गेलो. तरुण मुलगा, अगदी अदबीनं बोलणारा. म्हणाला, “इंटरनेटवर मिळालं, मावशी. खाली कुणाचंच नाव नव्हतं. म्हणून शेवट आमच्या वस्तादांच्या नावानं जोडला.” त्यानं वहीतून कागद काढून दिला. भोवती पिंपळपानं होती.

“वाच बरं शेवटचं,” आत्या मला म्हणाली. मी चौथं कडवं वाचलं.

“पुढं?”

“पुढं नाही.”

“कुनी काढलं?”

मित्राचं, दुकानदाराचं, कुणाचंही नाव मला घेता आलं असतं. “मीच,” म्हणाले. “जागा नव्हती.”

तिनं कागदाच्या कडेकडेनं बोट फिरवलं. “येवडी पानं बसली की गं. माज्या नावापुरतीच कमी पडली व्हय जागा?”

 घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, पत्रकावर नाव घातलं असतं तर कारखान्यानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. “मला लई वाटायचं खाली आपलं नाव असावं.” ज्याच्या जोरावर मी मूठ आपटत होते, ती त्यांची भीती होती.

मित्रानं ते चित्र काढून टाकलं आणि नवं केलं. पाच कडवी, नक्षी नाही, आणि अक्षरांच्या मागं फिक्या रंगात आत्याचं नाव, कुणाला कापून काढता येऊ नये असं. पण जुना कागद गावोगाव पोचला होता. पुढं एक कॅसेटही निघाली, त्याच दुसऱ्या नावानं. आम्ही पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. आत्याला बायका अजून गाणं म्हणायला लावायच्या. ती म्हणायची, पण चौथ्यावर थांबायची. पदराला हात लावायची नाही. नवं गाणं तिनं केलं नाही.

आत्या गेली, तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात बायकांनी खडीचं गाणं म्हटलं. चौथ्यानंतर सगळ्या थांबल्या. इतक्या वर्षांत त्या पाचवं विसरल्या होत्या, ते आता मलाच येत होतं. मला सूर नाही, म्हणून मी उभं राहून ते वाचून दाखवलं.

तुमच्या घरात, विहारात, पार्टीच्या वहीत पिंपळपानांचा तो कागद असेल, तर शोधा. त्याच्याखाली तुमच्या हातानं लिहा, की हे गाणं जामखेडच्या एका बाईचं आहे आणि पाचवं कडवं तिच्या भाचीनं कापलं आहे. मग ते कडवं माझ्याकडून मागून घ्या, उतरवा, आणि म्हणाल तेव्हा शेवटपर्यंत म्हणा.