मुलुंड ते मेलबर्न

माझा दादा सॅन फ्रान्सिस्कोला राहतो, आणि तिथलं अंतर त्याने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. साडेतेरा हजार किलोमीटर. डायरेक्ट विमान मिळालं तर सोळा तास, नाहीतर अख्खा दिवस मोडतो. आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, तेव्हाही फोनवर हेच. "किती लांब आहे गं! बरं, तू आहेस ना जवळ."

जवळ म्हणजे मी मुलुंडला आणि आई दहिसरला. दोन बस बदलायच्या, आणि ट्रॅफिकची मेहरबानी असेल तर दोन तास. आईला सांभाळायला बाई आहे, पण ती दांडी मारण्यात पटाईत. तिने दांडी मारली की मी ऑफिस बुडवायचं आणि बेडपॅनपासून मऊ भातापर्यंत सगळं करायचं. कौतुक? छे! पिकतं तिथे विकत नाही. दर रविवारी आई व्हिडिओ कॉलवर दादाला विचारते, "जेवलास का रे? तिकडे किती वाजले?" मी शेजारीच चादर बदलत असते. मी दारात आले की मला म्हणते, "उशीर केलास."

गेल्या डिसेंबरात साहेब तीन आठवड्यांसाठी आले. मी आईची औषधं घेऊन घामाघूम पोचले, तर त्याला भेटायला आलेली आईची बहीण, मावशी, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल गं, सोळा तास बसून आलाय पोरगा." पोरगा पन्नाशीचा. दुपारी उठला, मी तळलेली सुरमई खाल्ली आणि मला म्हणाला, "एवढी दमलीस कशाने? मुलुंडहूनच आलीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब मेल्या, तुला अंतर दाखवतेच.

घरी आले, फोन उघडला आणि एकेका शहराचं अंतर बघत बसले. दुबई नको, फारच जवळ. मेलबर्न झकास होतं. जवळपास दहा हजार किलोमीटर, डायरेक्ट बारा तास. दुसऱ्या दिवशी बाईने माझी लाज राखली, दांडी मारली. दादाचा फोन आलाच.

"अगं, बाई आली नाही! आईची चादर ओली झालीय, तू निघ ना लगेच."

"दादा, मी मेलबर्नला आहे. ऑफिसने अचानक पाठवलं. खूप लांब आहे रे."

"काय? इथे माझी वाट लागलीय! मी एकटा काय करू?"

"तू आहेस ना जवळ," मी म्हणाले.

काय सांगू, इतकं गोड वाटलं! मी बोंबलाचं कालवण केलं, ताट वाढून घेतलं आणि दादाचे फोन वाजू दिले. मग त्याचे मेसेज सुरू झाले: बेडपॅन कसा सरकवायचा, पावडर कुठे आहे, आई ओरडतेय, ये ना गं. पाचवा फोन उचलला तर पलीकडे आई होती. आता माझी चंपी होणार म्हणून मी सावरून बसले.

"लांब गेलीस म्हणे," आईचा आवाज अगदी मऊ होता. "जेवलीस का गं? तिकडे किती वाजले?"

मुलुंडच्या माझ्या भिंतीवर सव्वा वाजला होता. आईच्या भिंतीवरही तेवढाच. माझा घास तोंडातच राहिला.

"संध्याकाळ झालीय, आई," मी म्हणाले.

मग मी आणखी चार दिवस मेलबर्नलाच राहिले.