धाकट्या राजपुत्राने चालवलेला दरबार

शारजात क्रेन चालवणारा आमचा एक मालवणी गडी मंडळाच्या दशावतारात दरवर्षी एकच पार्ट मागायचा, राजाच्या धाकट्या मुलाचा, सेनापतीचा. "राजा नुसतो बसता, राज्य धाकटो चालयता," म्हणायचा.

एका वर्षी राजा होणारा साइटवर अडकला. "यल्ला, चल, तूच बस सिंहासनावर," आम्ही म्हणालो. हा ऐकेना. दशावतारात संवाद पाठ नसतात, आयत्या वेळी सुचतात. "महाराज मोहिमेवर आहेत," असं गरजून त्याने रिकाम्या सिंहासनाशेजारी उभ्यानेच दरबार चालवला.

शेवटी राजा प्रेक्षकांतूनच धावत आला, सिमेंटने माखलेला, डोक्यावर हेल्मेट. लोक हसले. याने मात्र वाकून मुजरा केला. "महाराज, मुकुट शोभतो आपल्याला!"

हॉलमधल्या निम्म्या लोकांचा तसाच मुकुट खोलीवर खिळ्याला टांगलेला होता. टाळ्या थांबेनात.