सात चिमट्या खारी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात दीड महिना उशाशी बसून होतो, बोलायला वेळच वेळ होता — तरी नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हा डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत बसतो. आज तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. वैशाख लागलाय, इथं धुळ्याच्या देवपुरात लोक घरांवर चढायला लागलेत, आणि दरवर्षीसारखा मी खाली उभा राहून त्यांच्या पायांखालची माती बघतोय. इतकंच.

इथं माझं नाव फार चांगलं आहे बरं का. धनाभाऊ म्हणजे काळजीवाहू माणूस! मृगाला महिना असतो तेव्हाच माझं सरपण आत आलेलं असतं, गोवऱ्या रचलेल्या असतात, पत्र्याचे खिळे पुन्हा ठोकून झालेले असतात. शेजारी थट्टा करतात, पाऊस अजून समुद्रात आहे आणि धनाभाऊ घोंगडी पांघरून बसले. मीही हसतो. काय सांगू त्यांना?

माझं गाव अमळनेरपासून तीन कोसांवर. घर धाब्याचं. तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगायला हवं — लाकडाच्या तुळया, त्यांच्यावर काटक्या आणि पळसाची पानं, वर हातभर माती, आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे पांढुरकी, चवीला खारट माती. ओली झाली की ती फुगते, घट्ट बसते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. दर उन्हाळ्यात तिचा नवा थर घालायचा, चोपायचा, पाण्याला उतार द्यायचा. दिसायला तिच्यासारखीच दुसरी एक माती असते, तिला आम्ही गोडी म्हणायचो. ती शेतात टाकायला उत्तम. पण धाब्यावर घातली तर पाणी पीत राहते, जड होत जाते. डोळ्यांनी दोघींतला फरक कळत नाही. जिभेने कळतो.

आणि गावात ती जीभ होती माझ्या वडिलांची, आबांची. वैशाखात लोक उपरण्याच्या टोकाला माती बांधून आमच्या ओट्यावर यायचे. आबा चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. त्यांच्याकडे दुसरं काही मोठेपण नव्हतं. जमीन बेताची, अक्षरओळख नाही. पण या एका महिन्यात पाटीलसुद्धा त्यांच्यासमोर उभा राहून वाट बघायचा. आबांना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पहिली जर्मन लढाई संपून चार-दोन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांचा. त्या साली माझी मोठी बहीण, अक्का, बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिला धुळ्याकडे दिलेली. आधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता, म्हणून या खेपेला आईने चैत्रापासूनच डिंक, खोबरं, ओवा जमवायला घेतलं होतं. दिवस श्रावणात भरत होते. म्हणजे ऐन झडीत. आतली खोली बाळंतिणीची ठरली आणि आबांनी मला बजावलं, यंदा खारी चांगली सात गाड्या पाहिजे. त्यांचा गुडघा धरला होता, शिडी चढणं शक्य नव्हतं. काम माझ्यावर आलं.

खारीचं रान पांझरा नदीच्या पलीकडे. पहाटे गाडी जुंपली तर दिवस कलताना परत. ते ऊन तुम्हाला माहीत नसेल — बैल जीभ काढून उभे राहायचे, कुदळीचा दांडा हाताला चटका द्यायचा. पहिली गाडी मी आणली. अगदी इमानाने आणली. मग माझ्या मित्राचं लग्न जामनेरला ठरल्याचा निरोप आला. वऱ्हाड तीन दिवसांनी अमळनेरला रेल्वेत बसणार होतं. मी नवा फेटा घेऊन ठेवला होता, किरमिजी रंगाचा.

बघा, मी किती वळसे घेतोय. फेट्याचा रंगसुद्धा सांगून झाला.

गावाच्या उत्तरेला एक ओस टेकाडी होती, गोडी मातीची. घरापासून हाकेच्या अंतरावर. भर दुपारी, सगळा गाव दारं लोटून आत पडलेला असताना, मी तिथून सहा गाड्या भरल्या. दोन दुपारी लागल्या फक्त. आणलेली खरी खारी ओसरीच्या धाब्यावर पसरली, कारण शिडीवरून ती बाजू दिसते. आतल्या खोलीवर सगळी गोडी. मनाशी म्हटलं, खाली जुना थर जाड आहे, एक साल निभावेल, पुढच्या वर्षी नीट करू. हे खरंच वाटलं होतं का मला? की वाटून घेतलं होतं? पंचवीस वर्षं झाली, अजून सांगता येत नाही.

आबांची पद्धत अशी की प्रत्येक गाडीतली चिमूट वेगळी चाखायची. मी पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि त्यात सात चिमट्या वेगवेगळ्या मांडून त्यांच्यासमोर धरल्या. सातही त्या एकाच खऱ्या गाडीतल्या. ओसरीवरून उचललेल्या.

आबांनी सातही चाखल्या. घाई केली नाही. दर चिमटीनंतर चूळ भरत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली शे. बठ्ठी अशीच शे ना?" बठ्ठी म्हणजे सगळी, आमच्या बोलीत.

मी म्हणालो, "बठ्ठी अशीच शे, आबा."

दुसऱ्या दिवशी मी जामनेरला गेलो. लग्न झकास झालं. फेट्याचं कौतुकही झालं.

इथवरचं तरी कुणी तरुणपणाच्या अंगचोरीत घालेल. पण माझं पाप पुढे आहे. श्रावणात अक्का बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणि पाचव्या दिवशी झड लागली. उघडीप म्हणून नाही. झडीच्या तिसऱ्या दिवशी अक्काने मला खोलीच्या दारातून हाक मारली. भिंतीवर तळवा ठेवला, ओल हाताला लागली तशी म्हणाली, "धना, भीत वली व्हयनी रे."

मी वर चढलो. पाय घोट्यापर्यंत रुतला. खारीत पाय असा रुतत नाही. मला सगळं कळलं — तिथंच, त्या क्षणाला, पावसात उभा असताना. खाली उतरून एवढंच म्हणायचं होतं की अक्काला ओसरीवर घ्या. तीन शब्द. पण आईने विचारलं असतं, का? आबांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी खाली आलो आणि म्हणालो, थोडं ठिबकतंय, पन्हळ तुंबली होती, काढली.

अक्काचं समाधान झालं नाही. तिने आबांकडे बघितलं. आबा खाटेवरून म्हणाले, "खारी मी चाखेल शे, बेटा. भिऊ नको." आणि ती निश्चिंत झाली! बापाच्या जिभेवर विश्वास ठेवून पुन्हा आत जाऊन पडली. मी तिथं उभा होतो. ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाळाला शेकायला चुलीपाशी घेऊन आली होती. मी गोठ्यात होतो. आवाज फार मोठा झाला नाही, ओली माती दणकन आवाज करत नाही. आतली खोली पूर्ण बसली होती. आम्ही हातांनी उपसत होतो, गावातली माणसं धावून आली, फावडी आली. अक्काला बाहेर काढलं तेव्हा तिच्या केसांत, कानांत, तोंडात ती माती होती. मीच तिचं तोंड पुसलं. ती माती गोडी होती हे त्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं.

आबांना कुणी दोष दिला नाही. द्यायची गरजच नव्हती. दहाव्याला चार माणसांत ते स्वतःच आपल्या जिभेकडे बोट करून म्हणाले, "मनी जीभ मरी गई." लोकांनी माना खाली घातल्या. नाही म्हणू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो पिंडापाशी बसून पत्रावळ्या लावत होता.

नंतर ते रोज सकाळी मिठाचा खडा जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून बसायचे. मग स्वतःशीच पुटपुटायचे, लागतंय तर. खारट लागतंय. मग त्या दिवशी कसं चुकलं? मी गोठ्यात जाता-येता ते ऐकायचो. कधी ते मलाच हाक मारून विचारायचे, सातही चिमट्या मी चाखल्या होत्या ना रे? मी म्हणायचो, हो, चाखल्या होत्या. यात खोटं काय होतं? असा मी हुशार.

पुढच्या वैशाखात एक जण सवयीने माती घेऊन ओट्यावर आला. आबांनी चिमूट उचलली, ओठांपर्यंत नेली, परत त्याच्या उपरण्यात टाकली आणि आत निघून गेले. त्यानंतर कुणी आलं नाही.

अक्काची मुलगी आता मोठी झाली, तिचं लग्नही झालं. धुळ्यातच असते. मला मामा म्हणते, राखीला जेवायला बोलावते. एकदा वाढता वाढता सहज म्हणाली, माझ्या आजोबांची जीभ गेली होती म्हणे, म्हणून आई गेली. मी पानातली भाजी कालवत राहिलो आणि म्हणालो, म्हातारपण, दुसरं काय. ऐकलंत? मेलेल्या बापावर मी दुसऱ्यांदा तेच ढकललं, आणि तेही तिच्याच घरचं जेवताना.

आबा अक्कानंतर दोन वर्षं जगले. शेवटच्या उन्हाळ्यात मी पांझरेपलीकडून खारी आणली. सातही गाड्या, तिथूनच, उन्हात. कुणी सांगितलं नव्हतं. मूठभर घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेलो. मनात ठरवून गेलो होतो की आज सांगायचं — ही चाखा, आबा, तुमची जीभ शाबूत आहे, तेव्हाही होती. त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. तोंड उघडलंच नाही. हळूच माझा हात बाजूला सारला.

"मनी जीभवर भरोसा ठेवू नको, धना," ते म्हणाले. "दुसराले चाखाले दे."

मी म्हणालो, "बरं, आबा." आणि ती माती घेऊन शेजारच्या नानांकडे चाखवायला गेलो.