हाल्वरने विकलेली बोट

आस्लाउगबद्दल लोक म्हणतात, म्हातारपणी नशीब काढलं बाईने. नवरा निवृत्त झाला, चाकांवरचं घर घेतलं, आता उन्हाळाभर किनाऱ्याकिनाऱ्याने राणीसारखी फिरते. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी राहते तिथे रस्ता संपतो, पुढे समुद्र. दर जुलैत ती गाडी माझ्या अंगणाशेजारी, मासळीच्या कोठाराआड उभी असायची. राणीचं राज्य मी जवळून पाहिलं आहे.

आस्लाउग समोरच्या स्टोरहोल्म बेटावर जन्मली. ती लहान असतानाच आई गेली, तिथेच पुरली. पुढे सरकारने पैसे देऊन बेट रिकामं केलं. माणसं इकडे आली, चर्च आणि कबरी तेवढ्या मागे राहिल्या. लग्न होऊन ती दूर दक्षिणेच्या बंदरात गेली. हाल्वर कॉड मासळीच्या मागे समुद्रावर, ही घरी पोरं, सासू आणि सुकायला टांगलेली मासळी सांभाळत. एकदा आईकडे ने म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, बोट काय फिरायला घेतलीय? निवृत्त झालो की नेईन.

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्याने हिचंच नाव रंगवलं होतं. त्या नावाच्या भरवशावर बाईने आयुष्य काढलं.

तो निवृत्त झाला आणि हिला न विचारता बोट विकून मोकळा झाला. आइसलंडला गेली म्हणाला. दारात पांढरी गाडी आली. आत शेगडी, पलंग, संडास, सगळं. आता तुला सगळा किनारा दाखवतो, म्हणे. जन्मभर किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या बाईला किनारा दाखवणार! आणि किनारा म्हणजे काय, तर याच्या ओळखीची बंदरं. धक्क्यावर याच्या पाठीवर थापा पडायच्या, जुन्या वादळांच्या गप्पा रंगायच्या, आणि ही गाडीत बटाटे उकडत बसायची. घरचीच चूल, फक्त चाकांवर.

संत ओलाफच्या दिवशी बेटावरचं चर्च वर्षातून एकदा उघडतं आणि इथून एक बोट माणसांना घेऊन जाते. दर वर्षी हे दोघं आदल्या दिवशी यायचे. सकाळी हाल्वर आभाळाकडे बघून सांगायचा, वारा फिरणार, तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. समुद्रातलं त्याला कळतं, म्हणून ती गाडीत पडदा ओढून स्तोत्रं वाचत बसायची. बाहेर पाणी आरशासारखं. मी एकदा विचारलं, वारा कुठाय हो? तर म्हणाला, "बाई, तुम्ही तुमची कॉफी बघा."

यंदा बातमी आली की बेटावरचा धक्का कुजलाय, या वर्षानंतर बोट लागणार नाही. मी ते आस्लाउगला सांगितलं. सकाळी ती काळा घागरा घालून, फुलांची कुंडी हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मागून हाल्वर सपाता फटकारत आला, वाऱ्याचं सांगत. ती थांबली नाही.

धक्क्यावर मात्र थांबली. बोटीला हिरवा रंग दिलेला, पण नाळेवर आस्लाउग. मी ते नाव किती वेळा वाचलं होतं, पण इकडे निम्म्या बोटींना बायकांचीच नावं असतात, माझ्या डोक्यातही आलं नाही.

"आइसलंडला गेली ना रे?" ती म्हणाली.

हाल्वरने टोपी खाली ओढली. मग म्हणाला, "माझ्याच बोटीत मी उतारू म्हणून बसू? सामानासारखा? लोक हसतील मला."

"म्हणून वारा फिरायचा होय."

बोट आता आमच्या गावातल्या सिल्येची. पोरगी कामसू आहे. तिने हात पुढे केला. "मावशी, पाय इथे ठेवा. काका, तुम्हीही या की. हवं तर सुकाणू तुम्ही धरा."

"पोरी, तुझी दया तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला.

आस्लाउग बसली. त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "आईला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं मी. ह्याच्या नाकासाठी."

बेटावर तिने नखांनी आईच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं, कुंडी मातीत रोवली. रडली नाही. प्रार्थनेत, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, ही ओळ आली तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. मी शेजारीच होते. मी काही तिला कोपराने डिवचलं नाही. देवासमोर खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

परतलो तेव्हा हाल्वर धक्क्यावर उभा होता. सिल्येने फेकलेला दोर त्याने अचूक झेलला, बांधला, आस्लाउगला हात देऊन वर घेतलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आईबद्दल एक शब्द, एवढीच अपेक्षा असावी. 

"इंजिन कसं वाजत होतं गं?" त्याने विचारलं.

आस्लाउग सरळ गाडीत गेली आणि आपली पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. तो डबाबंद मासळी खात दोन दिवस अंगणाशेजारी बसून राहिला. मग माझ्याकडून निरोप पाठवला, पुढचं बंदर फार सुंदर आहे, कधी निघायचं विचारा.

"मी बसने जाईन," तिने निरोप दिला. "त्याला जायचं तिथे जाऊ दे."

गाडी निघाल्याचा आवाज आला. खिडकी तिच्या समोरच होती. तिने मान वर केली नाही. ती कॉड चिरत होती, आणि सुरी इतक्या जोरात चालली होती की माझा चिरायचा पाट हादरत होता.