भागीमावशीवर आलेला आळ

ही गोष्ट मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितली नाही. ह्यांच्यापासून मी काही लपवत नाही, असं मात्र चारचौघांत म्हणत आले. आज तुम्हाला सांगते.

मोठ्या लढाईआधीची चार-पाच वर्षं. मी रत्नागिरीत नर्स होते — नवी, आणि शिष्ट. मालगुंडातल्या एका घरून बोलावणं आलं. त्यांची सून अनसूया, पहिलटकरीण, कळा आदल्या दिवसापासून, पण मंद. डॉक्टर परगावी, म्हणून मी गेले. गावची सुईण भागीमावशी आधीच बसलेली. तिनं घरातल्या सगळ्या ट्रंका उघडायला लावल्या होत्या, अनसूयेची वेणी सोडली होती — बंद काही राहिलं तर बाळ अडतं म्हणे. मला हसू आलं. ओवा-सुंठीचा काढा घोटघोट पाजत ती पोरीची कंबर चोळत होती.

"घाई करू नको गो बाय," मला म्हणाली. "पोर आपल्या येळंला येल."

आणि ते येतही होतं, सावकाश. मग मी का नाही थांबले? रत्नागिरीहून मुद्दाम आणलेली नर्स सुईणीशेजारी हातावर हात ठेवून बसली आहे — हे मला सोसेना. पिशवीत कळा वाढवायचं इंजेक्शन होतं. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडल्याशिवाय ते द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. ते उघडलं नव्हतं. मी तपासलं होतं, मला ठाऊक होतं. तरी दिलं.

मग कळांना उसंतच राहिली नाही. अनसूयेनं माझाच हात घट्ट धरला होता. मुलगा झाला, दाट जावळाचा, निळा. रडला नाही. भागीमावशीनं त्याला चोळलं, तोंडात फुंकर घातली, मग नुसती छातीशी धरून बसली.

सासू म्हणाली, सुईणीच्या काढ्यानं घात केला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय केलं? पिशवी आवरली. मालगुंडात त्यानंतर मावशीला बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही.

आणि माझे दिवस भरले तेव्हा मी कुणाला बोलावलं असेल? तिलाच. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते, पण मला तिचेच हात हवे होते — सांगताना लाज वाटते. ती खाडी उतरून आली. दीड दिवस माझ्या कळा रेंगाळल्या, दीड दिवस ती माझी कंबर चोळत राहिली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिऊ नको. मी कुनाला सांगलंय नाय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. सुई टोचताना ती शेजारीच तर होती. तिचे पाय धरावेसे वाटले मला, फार वाटले. आणि मी म्हणाले काय — मावशी, पाणी जास्त कढत नाही ना?

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिच्या मुलांना मी अजून सांगितलेलं नाही.