वहिनीचा टायमर

आमची वहिनी बेकरीत भट्टी सांभाळते. पहाटे पाचला कामावर, दुपारी घरी. मग दोन मुलांचा अभ्यास, माझ्या बाबांचं औषधपाणी, आणि रविवारी चर्चच्या उपासनेत सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना. मी तिची नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते. माझ्याकडे सल्ला देण्याचं खातं आहे आणि त्यात मी एकही सुट्टी घेत नाही.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी तिला कितीदा सांगितलं. "एखादं काम तरी सोड की गं."

"बाबांना तुझ्याकडे घेऊन जा, आजच सोडते," ती हसत म्हणाली. मी लगेच मुलांच्या मार्कांची चौकशी केली.

तिच्या खिशात कायम एक पिरगाळून लावायचा टायमर असतो, बेकरीतलाच, डबीएवढा. पावाला बावीस मिनिटं, मुलांच्या पाढ्यांना पंधरा, बाबांच्या हाताच्या व्यायामाला दहा. आणि पहाटे घराबाहेर पडण्याआधी स्वतःच्या प्रार्थनेला सात.

"देवालाही घड्याळ लावतेस?" मी एकदा टोचलंच.

"देवाला कशाला, मला लावते. तो वाजेपर्यंत मला कुणीही, कशालाही उठवायचं नाही. तिथून निघाले की दिवसभर कुठेही असले तरी त्याचंच काम करतेय असं वाटतं."

तेव्हापासून तो विषय मी काढत नाही.

बाबांच्या व्यायामाची तर रोज लढाई. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं एखाद्या शब्दावर आलं. डॉक्टर म्हणाले, हातात जीव आहे, बरणीचं झाकण पिरगाळायला लावा. बाबा झाकणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि टायमर वाजला की सुटलो म्हणून डोळे मिटायचे. रविवारची ही मंडळीची प्रार्थना आधी तीस वर्षं बाबाच करत. दवाखान्यातून आले त्या दिवशी त्यांनी प्रार्थनेच्या नावांची वही डाव्या हातानं वहिनीकडे सरकवली. मुलगा, मुलगी समोर असताना सुनेकडे! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी बेकरीत मोठी ऑर्डर होती. शेवटचे ट्रे भट्टीत सरकवून, टायमर लावून, पुढचं जोडीदारणीवर सोपवून वहिनी धावतपळत चर्चमध्ये आली. टायमर मात्र खिशातच राहिला. आजाऱ्यांसाठी झाली, बेकारांसाठी झाली, आता वाट चुकलेल्यांसाठी तिची प्रार्थना सुरू होती. सगळ्यांच्या माना खाली. आणि टायमर खणखणला.

"काढा, काढा, जळतंय!" डोळे मिटलेलेच ठेवून वहिनी ओरडली.

मग मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं आणि अख्खी मंडळी हसायला लागली. पाळकसाहेबांनी रुमालात तोंड लपवलं. माझी तर मुरकुंडी वळली. वहिनीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्या आल्या तिनं टायमर आणि वही बाबांसमोर टेबलावर ठेवली.

"बाबा, माझ्याच्यानं होत नाही. चार ठिकाणी असते आणि कुठेच धड नसते. वही पाळकसाहेबांना देऊन टाकते. तुमचा विश्वास मला सांभाळता आला नाही." आणि ती रडायला लागली.

माझाच सल्ला ती ऐकत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती वही तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मला बघवणार नव्हती.

बाबांनी टायमर पुढे ओढला. डाव्या हातानं पोटाशी घट्ट धरला आणि उजव्या हाताची बोटं त्यावर ठेवली. बोटं घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. वहिनी मदतीला पुढे झाली, तिचा दंड मी धरून ठेवला. तिसऱ्या वेळी बोटं टिकली, आणि टायमर फिरला. टिकटिक सुरू झाली.

"सा... त," बाबा म्हणाले, आणि कोपरानं वही तिच्याकडे ढकलली.

वहिनीनं डोळे पुसले, वही उघडली आणि प्रार्थना अडली होती तिथून, वाट चुकलेल्यांपासून, सुरुवात केली. त्या सात मिनिटांत माझ्या सल्ल्याच्या खात्याला सुट्टी होती. घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

टायमर वाजल्यावर मी म्हटलं, "वहिनी, उद्यापासून बाबांचा व्यायाम माझ्याकडे. रोज येईन."

बाबांनी डाव्या हातानं कपाळ बडवलं. उजवा अजून टायमरवरच होता.