टाकळ्याच्या भाजीवर बंदी

टाकळ्याच्या कोवळ्या पानांचा उग्र वास आला की मला तो सरकारी पराक्रम आठवतो. आई गेल्यावर तिच्या रानभाज्यांच्या कृती मी ब्लॉगवर लिहून ठेवत होते. एका पावसाळ्यात द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसले, तर ब्लॉग उघडेचना. कॅफेवाला म्हणाला, "ताई, वरून ऑर्डर आलीय. चार ब्लॉग देशाला धोक्याचे, म्हणून इंटरनेट कंपन्यांनी सगळेच बंद केले." मी इंटरनेट कंपनीत फोन लावला. तिथल्या साहेबांनी गंभीर आवाजात विचारलं, "आक्षेपार्ह काय लिहिलं होतंत?" म्हटलं, "टाकळ्याची भाजी. लसूण जरा जास्त आहे." "मग काढून टाका ना ते, मॅडम!" आईचे शब्द काढून टाकायचे, का तर या शहाण्यांना यादीतले चार ब्लॉग तेवढे वेगळे काढता येत नाहीत! शेवटी कॅफेवाल्यानेच एक आडवाट शोधली, बंद ब्लॉग उघडून दाखवणारी एक वेबसाइट. पाकिस्तानातल्या कुणीतरी तिथल्या ब्लॉगबंदीवर काढलेला तो उपाय होता. देश वाचवणाऱ्यांच्या कृपेने आईची भाजी मी पाकिस्तानमार्गे वाचली. आता कुणी देशासाठी बंदी हवीच असं म्हणालं, की मी वाद घालत नाही. त्या अनोळखी माणसाचे मनातल्या मनात आभार मानते.